संगणकीय पृच्छेतील चुकांचा शोध : डीबगरचा उपयोग

ग्रामपंचायतीची कर मागणी नोंदवही, शाळेचा हजेरीपट, शिष्यवृत्तीची यादी, पाणीपट्टीची वसुली यांसारख्या अनेक नोंदी आता संगणकावर ठेवल्या जातात. नोंदी साठविणे हे या कामाचे केवळ पहिले अंग होय. साठविलेल्या माहितीतून हवे ते उत्तर अचूक मिळविणे हे दुसरे अंग असून प्रशासनाचे निर्णय त्यावरच अवलंबून असतात. कोणाला नोटीस द्यावयाची, कोणाचे नाव लाभार्थींच्या यादीत घ्यावयाचे, कोणत्या वस्तीत वसुली मागे पडली आहे, हे सर्व त्या उत्तरावरून ठरते. उत्तर चुकले तर त्याचा भार संगणकावर पडत नाही. ज्याने कर भरला आहे त्या खातेदारावर आणि ज्याचे नाव गळले त्या विद्यार्थ्यावर पडतो. यास्तव अशा चुका कशा उद्भवतात आणि त्या शोधण्याची शास्त्रशुद्ध रीत कोणती, याची माहिती आज्ञावली लिहिणाऱ्या तंत्रज्ञाप्रमाणेच तिचा वापर करणाऱ्या अधिकाऱ्याला, शिक्षकाला आणि पंचायत सदस्यालाही असणे आवश्यक आहे.

पृच्छा म्हणजे काय?

संगणकातील माहिती बहुधा तक्त्यांच्या स्वरूपात ठेवलेली असते. तक्त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद आणि प्रत्येक रकाना म्हणजे त्या नोंदीचे एक अंग. या रचनेचा सैद्धांतिक पाया एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात घातला. ते त्या वेळी आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. १९८६ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तिला मान्यता दिली. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल इत्यादी प्रणालींमध्ये थोड्याफार फरकाने हीच भाषा वापरली जाते.

या भाषेत लिहिलेल्या प्रश्नाला पृच्छा किंवा क्वेरी म्हणतात. तिच्यातील आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात. येथे वाचकांच्या सोयीसाठी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. कोणते रकाने हवेत हे ‘सिलेक्ट’ सांगते, ते कोणत्या तक्त्यातून घ्यावयाचे हे ‘फ्रॉम’ सांगते, कोणती अट लावावयाची हे ‘व्हेअर’ सांगते, दोन तक्ते जोडण्याचे काम ‘जॉइन’ करते आणि समान ओळींचे गट पाडण्याचे काम ‘ग्रुप बाय’ करते.

या भाषेचा एक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. पृच्छा लिहिणारा ‘काय हवे’ एवढेच सांगतो. ‘ते कसे शोधावे’ हे संगणकातील व्यवस्था स्वतः ठरविते. गावात कोणत्या घरांची पट्टी बाकी आहे, एवढे शिपायास विचारावे आणि त्याने कोणत्या गल्लीतून जावे हे त्याच्यावर सोपवावे, तसाच हा प्रकार. यामुळे काम सोपे होते, परंतु चूक झाल्यास ती नेमकी कोठे झाली हे बाहेरून दिसत नाही.

चुकांचे दोन प्रकार

पृच्छेतील चुका स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार भाषेच्या चुकांचा. कंस उघडून बंद केला नाही, रकान्याचे नाव चुकीचे लिहिले, स्वल्पविराम राहिला, तर संगणक पृच्छा नाकारतो व चुकीची जागा साधारणपणे दाखवितो. ही चूक त्रासदायक असली तरी निरुपद्रवी असते, कारण तिच्यामुळे चुकीचे उत्तर हाती पडत नाही.

दुसरा प्रकार अर्थाच्या चुकांचा. येथे भाषा शुद्ध असते, पृच्छा बिनतक्रार चालते, सुबक छापलेला अहवालही मिळतो; मात्र विचारावयाचा प्रश्न एक आणि प्रत्यक्षात विचारला गेलेला प्रश्न दुसराच, असे घडलेले असते. संगणकाने विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिलेले असते. त्यामुळे यंत्राकडून कोणतीही सूचना मिळत नाही. खरी काळजी या दुसऱ्या प्रकाराची घ्यावयाची असते आणि डीबगर या साधनाचा उपयोगही मुख्यत्वे तेथेच होतो.

‘बग’ आणि ‘डीबगर’

यंत्रातील दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची प्रथा जुनी आहे. थॉमस एडिसन यांनी १८७८ साली एका पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरला होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. त्या प्रसंगामुळे हा शब्द संगणकाच्या क्षेत्रात अधिकच प्रसिद्ध झाला.

दोष शोधण्याचे शास्त्रही संगणकाइतकेच जुने आहे. केंब्रिज विद्यापीठाचा एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला आणि आज्ञावलीत चुका राहणारच, हे तेथील संशोधकांना अल्पावधीतच कळून चुकले. त्यांच्यापैकी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली एडसॅकवरील आज्ञावलींच्या दोषनिदानावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. आज्ञावली चालत असताना तिच्या वाटचालीची नोंद ठेवणाऱ्या पद्धतींचे वर्णन त्यात आहे. पुढे १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ या संगणकासाठी जे दोषशोधक साधन तयार झाले, त्याला डीडीटी असे नाव देण्यात आले. हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेत ज्या गावांनी डीडीटीची फवारणी पाहिली, तेथील वाचकांना या नावातील विनोद सहज कळेल.

डीबगर म्हणजे चालती आज्ञावली हव्या त्या ठिकाणी थांबवून तिच्या पोटात डोकावू देणारे साधन. त्याची मुख्य कामे चार आहेत. पहिले, ठरविलेल्या वाक्यापाशी आज्ञावली थांबविणे. या जागेस ब्रेकपॉइंट किंवा थांबा म्हणतात. दुसरे, तेथून एकेक वाक्य पुढे नेणे. तिसरे, त्या क्षणी प्रत्येक चलाची, म्हणजे बदलत्या किमतीच्या कप्प्याची, किंमत दाखविणे. चौथे, कोणत्या कार्यपद्धतीने कोणत्या कार्यपद्धतीस बोलाविले, याची साखळी दाखविणे. डीबगर स्वतः चूक दुरुस्त करीत नाही. प्रत्यक्षात काय घडत आहे हे तो दाखवितो; काय घडावयास हवे होते हे तपासणाऱ्यास आधीच ठाऊक असावे लागते.

एक नमुना : पाणीपट्टीची थकबाकी

समजा, एका ग्रामपंचायतीत पाच खाती आहेत आणि प्रत्येकाची वार्षिक पाणीपट्टी १,२०० रुपये आहे. एका तक्त्यात मागणीच्या पाच ओळी आहेत. दुसऱ्या तक्त्यात पावत्यांच्या नोंदी आहेत, त्या अशा :

खाते १ : एक पावती, १,२०० रुपये.
खाते २ : दोन पावत्या, ५०० व ७०० रुपये.
खाते ३ : तीन पावत्या, प्रत्येकी ३०० रुपये.
खाते ४ : एकही पावती नाही.
खाते ५ : एक पावती, ८०० रुपये.

हिशेब हाताने करून पाहिला तर एकूण मागणी ६,००० रुपये, एकूण भरणा ४,१०० रुपये आणि थकबाकी १,९०० रुपये येते. त्यांपैकी खाते ३ कडे ३००, खाते ४ कडे १,२०० आणि खाते ५ कडे ४०० रुपये बाकी आहेत. खाते १ व २ निरंक आहेत.

आता एखाद्याने मागणीचा तक्ता व पावत्यांचा तक्ता खाते क्रमांकावर ‘जॉइन’ केला, खातेवार गट पाडले आणि मागणीच्या बेरजेतून भरण्याची बेरीज वजा केली. वरकरणी ही रीत निर्दोष वाटते. उत्तर मात्र असे येते : खाते १ कडे शून्य, खाते २ कडे १,२००, खाते ३ कडे २,७०० आणि खाते ५ कडे ४०० रुपये. एकूण थकबाकी ४,३०० रुपये. खाते ४ यादीत नाहीच.

या अहवालावर कार्यवाही झाली तर काय होईल, हे पाहण्यासारखे आहे. ज्याने दोन हप्त्यांत पूर्ण पट्टी भरली त्याला १,२०० रुपयांची नोटीस जाईल. ज्याने वर्षभरात एक रुपयाही भरला नाही त्याचे नाव कोणासमोर येणार नाही. शिवाय एकाच पावतीत रक्कम भरणाऱ्या खाते १ व ५ चे आकडे बिनचूक असल्यामुळे, नमुन्यादाखल नेमकी तीच खाती तपासणाऱ्यास अहवाल बरोबर वाटेल. भरण्याची एकूण बेरीज ४,१०० रुपये कीर्दीशी तंतोतंत जुळते, त्यामुळे संशयास आणखी जागा उरत नाही.

पृच्छेचे भाग पाडून तपासणी

एकसंध पृच्छेच्या आत डीबगरला थांबा टाकता येत नाही; ते त्याच्या दृष्टीने एकच वाक्य असते. म्हणून प्रथम पृच्छेचे भाग पाडावे लागतात. ‘ग्रुप बाय’ आणि बेरजा काढून टाकून केवळ जोडणीच्या ओळी पाहिल्या की वरील चूक तत्काळ दिसते. मागणीच्या ओळी पाच, पावत्यांच्या सात आणि जोडणीनंतरच्या ओळीही सातच. खाते २ ची १,२०० रुपयांची मागणी दोन पावत्यांसमोर दोनदा आणि खाते ३ ची तीनदा लिहिली गेली आहे. बेरीज करताना ती तितक्याच वेळा मोजली गेली. मागणी ६,००० ऐवजी ८,४०० रुपये भरली. खाते ४ ला पावतीच नसल्याने त्याला जोडीदार ओळ मिळाली नाही आणि ते गळाले.

यावरून तपासणीचा पहिला नियम निघतो : प्रत्येक टप्प्यावर ओळींची संख्या मोजावी आणि ती अपेक्षेशी ताडून पाहावी. एका मागणीस एकच ओळ अपेक्षित असताना ओळी वाढल्या तर मागणी दुबार मोजली जात आहे, कमी झाल्या तर कोणी तरी गळत आहे. येथे दोन्ही दोष एकाच वेळी आहेत, म्हणून केवळ एकूण संख्येवर न थांबता खातेवार ओळी मोजणे श्रेयस्कर.

दुरुस्ती अशी करावयाची. प्रथम पावत्यांची खातेवार बेरीज करून एक सारांश तक्ता तयार करावा. त्यात प्रत्येक खात्याची फार तर एक ओळ राहील. नंतर मागणीचा तक्ता ‘लेफ्ट जॉइन’ने त्यास जोडावा, म्हणजे पावती नसलेले खातेही टिकून राहील. खाते ४ समोर भरण्याचा रकाना रिक्त येईल. १,२०० मधून रिक्त किंमत वजा केल्यास उत्तर १,२०० येत नाही, रिक्तच येते. आणि ‘थकबाकी शून्यापेक्षा अधिक’ ही अट लावताच ते खाते पुन्हा यादीबाहेर जाते. म्हणून ‘कोअलेस’ या आज्ञेने रिक्त जागी शून्य धरावे लागते. वर्षाची अट लावावयाची असल्यास ती सारांश तयार करतानाच पावत्यांना लावावी. जोडणीनंतर ‘व्हेअर’मध्ये पावतीच्या तारखेवर अट घातली तर रिक्त तारखेचे खाते त्या अटीत बसत नाही आणि ‘लेफ्ट जॉइन’चा हेतूच निष्फळ होतो.

पृच्छेच्या अंतर्भागात पाहण्याचे आणखी एक साधन म्हणजे ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा. संगणकाने पृच्छा सोडविण्यासाठी कोणता मार्ग निवडला, हे ती दाखविते. पोस्टग्रेससारख्या प्रणालीत तिला ‘अ‍ॅनलाइझ’ हा शब्द जोडला की पृच्छा प्रत्यक्ष चालविली जाते आणि प्रत्येक टप्प्यातून किती ओळी बाहेर पडल्या, हेही कळते. तथापि माहिती बदलणारी आज्ञा अशा रीतीने तपासली तर बदलही खरोखरच होतो, हे विसरता कामा नये.

डीबगर प्रत्यक्ष कसा चालवावा?

अनेक कामे एका पृच्छेत भागत नाहीत. एकामागून एक खाते घेणे, हिशेब करणे, अट तपासणे, नोटिशीची नोंद करणे अशी पायऱ्यापायऱ्यांची कामे संगणकातच साठवून ठेवलेल्या कार्यपद्धतीत लिहितात. तिला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. येथे वाक्ये क्रमाने चालतात, म्हणून डीबगरचा पूर्ण उपयोग होतो. ओरॅकलसाठी एसक्यूएल डेव्हलपर या साधनात तो उपलब्ध आहे. पोस्टग्रेसमध्ये एक जोडभाग बसवून पीजीअ‍ॅडमिन या साधनातून तो वापरता येतो. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओतील डीबगर २०१९ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला. त्यानंतर त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओचा आधार घ्यावा लागला.

वरील नमुना पुढे चालवू. सारांश तक्ता आता बिनचूक आहे आणि त्यावरून नोटिसा काढणारी कार्यपद्धती एसक्यूएल सर्व्हरवर लिहिलेली आहे. तिचे टप्पे असे : पुढील खाते घ्यावे, त्याची मागणी ‘मागणी’ या चलात घ्यावी, सारांशातून त्याचा भरणा ‘भरणा’ या चलात घ्यावा, वजाबाकी करून ‘थकबाकी’ काढावी, ती शून्याहून अधिक असल्यास नोटिशीच्या तक्त्यात ओळ लिहावी, मग पुढील खात्याकडे जावे. कार्यपद्धती चालविल्यावर तीन नोटिसा तयार होतात : खाते ३ ला ३००, खाते ४ ला ३०० आणि खाते ५ ला ४०० रुपये. एकूण १,०००. हाताने काढलेली थकबाकी १,९०० असल्यामुळे ९०० रुपयांचा फरक पडतो.

जुने हिशेबनीस तेरीज जुळली नाही की आधी फरकाची रक्कम पाहत. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा त्यांचा पहिला तर्क असे. येथेही फरकाकडे पाहावे. ९०० ला नऊने भाग जातो खरा, परंतु ९०० हा खाते ३ चा भरणाही आहे. दोन्ही शक्यता समोर ठेवून प्रत्यक्ष पुरावा शोधावयाचा.

भरणा घेणाऱ्या वाक्यावर थांबा टाकून कार्यपद्धती चालवावी आणि प्रत्येक वेळी ते वाक्य चालण्यापूर्वीची व चालल्यानंतरची ‘भरणा’ची किंमत लिहून घ्यावी. खाते १ ला आधी रिक्त, नंतर १,२००. खाते २ ला आधी १,२००, नंतर १,२००. खाते ३ ला आधी १,२००, नंतर ९००. खाते ४ ला आधी ९००, नंतरही ९००. खाते ५ ला आधी ९००, नंतर ८००.

खाते ४ ने काहीच भरलेले नसताना त्याच्या नावे ९०० रुपये कोठून आले? या प्रणालीत अशा वाक्याला एकही ओळ सापडली नाही तर चलाची किंमत बदलत नाही. आधीची तशीच राहते. खाते ३ चा भरणा खाते ४ ला चिकटला, हे चुकीचे मूळ होय. अदलाबदलीचा तर्क येथे आपोआप बाद होतो.

या नोंदीत आणखी एक शिकण्याजोगी गोष्ट आहे. खाते २ ची किंमतही आधी व नंतर सारखीच दिसते, परंतु तेथे चूक नाही. दोन्ही खात्यांचा भरणा योगायोगाने सारखा आहे. म्हणून केवळ किमतीवर न थांबता त्या वाक्याला किती ओळी सापडल्या, हा आकडाही वेगळ्या चलात घेऊन पाहावा. खाते २ ला तो एक येतो, खाते ४ ला शून्य. संशयाचे रूपांतर खात्रीत होते ते येथे.

दुरुस्ती एका वाक्याची आहे : प्रत्येक खात्याच्या आरंभी ‘भरणा’ची किंमत शून्य करावी. त्यानंतर कार्यपद्धती पुन्हा चालवून १,९०० रुपयांशी ताळा घ्यावा. दुरुस्ती केली नसती आणि खाती उलट क्रमाने घेतली असती, तर खाते ४ ला खाते ५ चे ८०० रुपये चिकटून ४०० रुपयांची नोटीस निघाली असती. क्रम बदलताच उत्तर बदलत असेल तर मागील फेरीतील एखादी किंमत मागे राहते आहे, असा संशय अवश्य घ्यावा.

खाती पाच असताना प्रत्येक ठिकाणी थांबणे शक्य आहे. पाच हजार असताना ते शक्य नाही. अशा वेळी सशर्त थांबा वापरावा. ‘खाते क्रमांक ४ असेल तरच थांब’ अशी अट घालता येते. साधनात ती सोय नसल्यास संशयित खाते व त्याच्या आधीचे खाते एवढीच घेऊन कार्यपद्धती चालवावी. हीच चूक वेगवेगळ्या प्रणालींत वेगवेगळी दिसते, हेही ध्यानात ठेवावे. ओरॅकलमध्ये ओळ न मिळाल्यास अपवादाची सूचना उठते. पोस्टग्रेसच्या कार्यपद्धतीत, काटेकोरपणाची अट घातली नसल्यास, चल रिक्त होते. एका प्रणालीवर बरोबर चाललेली कार्यपद्धती दुसरीवर नेताना म्हणूनच पुन्हा तपासावी लागते.

रिक्त नोंद आणि वर्षअखेर

आणखी दोन चुका शासकीय कामात विशेष उपद्रव देणाऱ्या आहेत. पहिली रिक्त नोंदीची. ‘ज्यांचा खाते क्रमांक पावत्यांच्या यादीत नाही अशी खाती दाखवा’ ही पृच्छा ‘नॉट इन’ने लिहिली आणि एखाद्या पावतीवर खाते क्रमांक लिहावयाचा राहून गेला, तर यादी पूर्णपणे रिकामी येते. रिक्त म्हणजे शून्य नव्हे, रिक्त म्हणजे अज्ञात. खाते ४ त्या अज्ञात क्रमांकाहून वेगळे आहेच, असे संगणक खात्रीने म्हणू शकत नाही. म्हणून तो त्याला यादीत घेत नाही. गावात कोणीही थकबाकीदार नाही असा आनंददायक परंतु खोटा निष्कर्ष निघतो. येथे ‘नॉट एग्झिस्ट्स’ वापरणे सुरक्षित होय. तसेच ज्या पावतीवर क्रमांक नाही ती पावती शोधून नोंद पूर्ण करणेही तितकेच आवश्यक.

दुसरी चूक तारखेच्या शेवटच्या टोकाची. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. तारखेच्या रकान्यात वेळही साठविलेली असेल आणि अट ‘१ एप्रिल ते ३१ मार्चच्या दरम्यान’ अशी असेल, तर ३१ मार्च याचा अर्थ त्या दिवसाच्या आरंभीची मध्यरात्र असा धरला जातो. परिणामी ३१ मार्चला दिवसभरात फाडलेल्या पावत्या हिशेबात येत नाहीत, आणि वर्षअखेरीस वसुलीची घाई असते ती नेमकी याच दिवशी. ‘१ एप्रिल किंवा त्यानंतर आणि पुढील १ एप्रिलपूर्वी’ अशी अट लिहिल्यास हा धोका राहत नाही.

घ्यावयाची दक्षता

डीबगर चालू कामकाजाच्या संगणकावर कधीही वापरू नये. कार्यपद्धती थांब्यावर उभी असताना तिने बदललेल्या ओळींना कुलूप लागलेले राहू शकते. तपासणारा चहाला गेला तर तेवढा वेळ दुसऱ्या टेबलावरील लिपिकाची पावती निघणार नाही. तपासणी माहितीच्या स्वतंत्र प्रतीवर करावी, त्या प्रतीतील खातेदारांची नावे व वैयक्तिक तपशील झाकावेत आणि तपासणी संपल्यावर केलेले बदल ‘रोलबॅक’ने मागे घ्यावेत. एका वेळी एकच दुरुस्ती करावी. दोन दुरुस्त्या एकदम केल्यास चूक कोणत्या दुरुस्तीने गेली हे कळत नाही, आणि एका चुकीने दुसरी झाकली जाण्याचाही संभव असतो. सापडलेली चूक, तिचे कारण, दुरुस्ती व दिनांक यांची नोंदवही ठेवावी, म्हणजे कर्मचारी बदलला तरी अनुभव कार्यालयात राहतो.

कार्यालयात आणि शाळेत

पंचायत सदस्याने किंवा अधिकाऱ्याने पृच्छा लिहिणे अपेक्षित नाही. परंतु अहवाल स्वीकारण्यापूर्वी चार प्रश्न विचारणे त्याला सहज शक्य आहे. यादीत किती नावे आहेत आणि किती असावयास हवीत? जी नावे यादीत नाहीत ती का नाहीत? हप्त्याने भरणारा, काहीच न भरणारा आणि ३१ मार्चला भरणारा, अशा तिन्ही प्रकारची खाती हाताने तपासली आहेत काय? केवळ भरण्याचीच नव्हे तर मागणीचीही बेरीज मूळ नोंदवहीशी जुळते काय? वरील नमुन्यातील पहिली चूक यांपैकी प्रत्येक प्रश्नाने उघडकीस आली असती.

शिक्षकांना हा पाठ संगणकाशिवायही घेता येईल. पाच विद्यार्थ्यांना मागणीच्या चिठ्ठ्या व सात विद्यार्थ्यांना पावत्यांच्या चिठ्ठ्या द्याव्यात. पावतीवाल्या प्रत्येकाने आपापल्या खात्याच्या मागणीवाल्यासमोर उभे राहावे. खाते ३ समोर तिघे उभे राहतात आणि खाते ४ समोर कोणीच नाही, हे पाहिले म्हणजे जोडणीतील दोष मुले स्वतःच सांगतील. नंतर एका विद्यार्थ्याने फळ्यावर ‘भरणा’ हा चौकोन सांभाळावा, दुसऱ्याने एकेक खाते पुकारावे आणि तिसऱ्याने ‘थांबा’ म्हणून चौकोनातील आकडा वहीत उतरवावा. हा तिसरा विद्यार्थी म्हणजे डीबगर. खाते ४ पुकारल्यावर चौकोनातील जुना आकडा पुसावयाचा राहिला, हे त्याच्याच प्रथम लक्षात येईल.

चूक शोधण्याची ही रीत संगणकापुरती मर्यादित नाही. अपेक्षित उत्तर आधी हाताने काढावे, काम टप्प्यांत विभागावे, प्रत्येक टप्प्यावर थांबून मोजदाद करावी आणि जेथे अपेक्षा व वस्तुस्थिती यांची प्रथम फारकत होते तेथे कारण शोधावे, हा तिचा गाभा होय. हाताने तपासलेली अशी पाच-दहा खाती प्रत्येक कार्यालयाने कायमची राखून ठेवली आणि आज्ञावलीत बदल झाला की प्रथम त्यांचा ताळा घेतला, तर पूर्ण पट्टी भरलेल्या खातेदाराच्या दारी चुकीची नोटीस जाण्याचा संभव पुष्कळच कमी होईल.